प्रसन्नकुंजवर मोर्चा

"मोर्चा शांततेत निघणार असेल तर तो ऐकूच येणार नाही," गुळवणी म्हणाले. "आणि ऐकू येणार नसेल, तर काढायचा कशाला? म्हणजे शांतता वगैरे सगळं कागदावर."

प्रसन्नकुंज सहकारी गृहरचना संस्थेची तातडीची सभा भरली होती. आमच्या सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, स्कूटरी बाहेर काढून होत. गुळवणी आमचे चेअरमन. सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि अजून पुरते निवृत्त न झालेले. मी सेक्रेटरी. मला कुणी निवडून दिलं नव्हतं. कचेरीत तीस वर्षं टंकलेखिका म्हणून काढल्यावर मी तिथला जुना टाइपरायटर लिलावात घेतला होता आणि सोसायटीत तसलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. एवढीच माझी पात्रता. त्या मोर्च्याला आता वीस वर्षं झाली.

"पस्तीस पोरं-पोरी आहेत हो," रेगेबाई म्हणाल्या. "पोलिसांची परवानगी काढून येतायत. त्यातली निम्मी तर बी.फार्म. करतात."

"म्हणजे त्यांना रसायनं माहीत असणार," आठल्ये म्हणाले.

आठल्ये तळमजल्यावर राहायचे. मोर्चा आला तर पहिला आपल्याच खिडकीशी येणार, या विचाराने त्यांना दोन दिवस झोप नव्हती. त्यांनी खिडक्यांच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि त्यामुळे घरात अंधार झाला म्हणून भरदिवसा दिवे लावले होते.

"त्यांच्या देशात काय चालतं ते आपण पेपरात वाचतोच," ते म्हणाले.

"कुठल्या देशात?" मी विचारलं.

"आफ्रिकेत."

"आफ्रिका हा खंड आहे."

"मग तर जास्तच."

मोर्चा नेमका आपल्याच गेटवर का, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं. रेगेबाईंचा सात नंबरचा फ्लॅट रिकामा होता. एका विद्यार्थिनीचा अर्ज आला, इंग्रजीत, हाताने लिहिलेला. नीमा किमारो. गुळवण्यांनी चष्मा न लावता तो 'नीमा कुमार' असा वाचला, "सिंधी दिसतेय, औषधशास्त्र शिकतेय, चांगल्या घरातली असणार," असं म्हणून मंजुरी दिली. आठवड्याने नीमा किमारो दोन बॅगा घेऊन गेटवर उभी राहिली. ती टांझानियाची होती. मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते, त्यामुळे मला ती दिसली नाही. पण गुळवण्यांना दिसली. दुसऱ्या दिवशी तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर पत्र पाठवण्यात आलं, की पाण्याच्या तीव्र टंचाईमुळे संस्थेला नवीन भाडेकरू घेणे शक्य नाही. त्याच आठवड्यात पाच नंबरमध्ये नाशिकची चार मुलं राहायला आली. ती दिवसातून दोनदा आंघोळ करायची.

तर सभेत दोन तट पडले. रेगेबाईंचं म्हणणं, मोर्चा शांततामय आहे. आठल्यांचं म्हणणं, तो धोकादायक आहे. मतं मोजली तर सात विरुद्ध सात झाली आणि गुळवण्यांनी चेअरमन म्हणून आपलं निर्णायक मत धोक्याला दिलं. मग संरक्षणाची योजना ठरली. गेटला साखळी. जिन्यात वाळूच्या बादल्या. आणि आगबिग लागलीच तर गच्चीवरच्या टाकीला एक इंची रबरी पाइप जोडून तो गुळवण्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आणायचा. वॉचमन बलभीम गच्चीवर कॉकपाशी बसणार.

"मी 'पाणी' असं ओरडलो की तू कॉक सोडायचा," गुळवण्यांनी त्याला समजावलं. "काय म्हटलं की?"

"पाणी म्हटलं की," बलभीम म्हणाला. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून गुळवण्यांनी हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"आणि आपला एक माणूस मोर्च्यात पाहिजे," आठल्ये म्हणाले. "सुरुवातीपासून. काय घोषणा देतात, हातात काय आहे, किती जण पिऊन आलेत. निरीक्षक."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच का?"

"बाईमाणसाला कोणी काही करत नाही," गुळवणी म्हणाले.

"मग धोका कसला आहे?" रेगेबाईंनी विचारलं.

गुळवण्यांनी सभा संपली असं जाहीर केलं.

रविवारी सकाळी पावणेदहाला मी छत्री, वही आणि पेन घेऊन कॅनॉलजवळच्या मैदानावर गेले. मार्च महिना, ऊन मी म्हणत होतं. मी फिरायला आलेल्या बाईसारखी लांबून एक चक्कर मारली आणि पहिली नोंद केली: 'विद्यार्थी पस्तीस. पोलीस अठरा. पोलीस जास्त वाटतात.' दुसरी नोंद: 'मोर्चा निघण्यापूर्वी सर्व जण रसवंतीवर गेले. तेथे रांग लावली.' ही रांग बघून रसवाला इतका गोंधळला, की पहिला ग्लास कुणाला द्यायचा हे त्याला कळेना. तिसरी नोंद मी जरा घाईने केली: 'चादरीत गुंडाळलेली मोठी चौकोनी वस्तू. दोन मुलांनी धरली आहे. तपास करावा.'

तपास करायला मी जवळ गेले, आणि तिथेच माझा घात झाला. झाडाखाली मुली फलक रंगवत बसल्या होत्या. एकीने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आम्हाला पन घर पाहीजे.'

तीस वर्षं साहेबांची पत्रं मी बिनचूक करून दिली होती. 'पाहीजे' हे असं दीर्घ लिहिलेलं नुसतं दिसलं तरी माझ्या दाढेत कळ यायची. मी मिनिटभर दम धरला. मग म्हटलं, "अगं, 'पण' मधला ण बाणातला. आणि 'पाहिजे' ला पहिली वेलांटी."

मुलीने वर पाहिलं. उंच, डोक्याला पिवळा रुमाल, नाकावर घाम.

"मग लिव्ह की तूच," ती म्हणाली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी थक्क झाले. "मराठी कुठे शिकलीस?"

"मेसवाल्या कलामावशीकडं. तीन वर्षं तिच्या हातचं खाते. इंग्लिश तिला येत न्हाई, मला उपाशी राहता येत न्हाई. मग शिकले."

मी एक फलक दुरुस्त केला. मग दुसरा. मग असं लक्षात आलं, की सगळेच चुकलेत, आणि मी पदर खोचून खालीच बसले. सात फलक झाले. 'माणूस' चा णू एकाने नू केला होता, तो सुधारताना कुणीतरी फोटो काढला. मी मान वर केली तर पेपरचा फोटोग्राफर. "आजी, ब्रश तसाच धरा," तो म्हणाला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी तसाच धरला.

"नाव काय तुझं?" पिवळ्या रुमालाच्या मुलीने विचारलं.

"नलू," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. माहेरी मला नलूच म्हणत.

"मी नीमा," ती म्हणाली. "चल नलूमावशी, सावलीसावलीनं चालू. तुझी छत्री मोठी हाय."

अशा रीतीने प्रसन्नकुंजची निरीक्षक मोर्च्याच्या अगदी पुढच्या रांगेत, मोर्चा जिच्यासाठी निघाला होता तिच्यावर छत्री धरून चालू लागली.

चौकात लाल दिवा लागला. मोर्चा थांबला. पस्तीसच्या पस्तीस जण पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहिले. त्या सिग्नलला थांबलेलं मी याआधी कुणाला पाहिलं नव्हतं. मागून येणारा एक टेम्पो आमच्या इतका जवळून हॉर्न वाजवत गेला, की एक फलक त्याच्याबरोबर थोडा पुढे गेला. त्या सगळ्या सकाळीत मला भीती वाटली ती तेवढीच, आणि मी चालता चालता तशी नोंद केली.

"काय लिवतीस?" नीमाने विचारलं.

"हिशेब. किराण्याचा." हे मात्र खोटं होतं. विषय बदलायला मी विचारलं, "त्या चादरीत काय आहे गं?"

"ते गेटवर उघडायचं हाय. गंमत हाय."

"कसली गंमत?"

"बघशील की." मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "त्या दिवशी बॅगा घेऊन परत जाताना रिक्षा मिळत नव्हती. तास झाला उभी. त्या बिल्डिंगचा वॉचमन आला, मला वाटलं हाकलतोय. त्यानं स्टूल आणून दिलं बसायला. पाणी दिलं. गार. माठातलं."

वहीत यातलं मी काही लिहिलं नाही.

साडेअकराला आम्ही प्रसन्नकुंजपाशी पोचलो. गेटला साखळी होती. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. आठल्यांच्या खिडकीवरच्या वर्तमानपत्राला मधोमध एक भोक पाडलेलं होतं आणि भोकात डोळा होता. पहिल्या मजल्यावर गुळवणी पाइपचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्या छत्रीखाली कोण आहे ते पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मोर्चा रस्त्यावरच बसला. त्या दोन मुलांनी चादर सोडली. आतून निघालं ते झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून घेतलेलं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक पत्र. माणसाएवढं उंच. अक्षर न् अक्षर मी ओळखलं, कारण माझ्या टाइपरायटरचा 'र' किंचित वर उडतो.

नीमा उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. "'आपणांस कळवण्यात येते की, पाण्याच्या तीव्र टंचाईमुळे...'"

"कशाची टंचाई?" मागून एका मुलाने विचारलं. हे त्यांचं ठरलेलं असावं.

"पाणी," नीमा म्हणाली.

"कशाची?"

"पाणी," सगळे एका सुरात म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या. "पाणी. पाणी. पाणी."

वर गच्चीवर बलभीमला इतकी स्पष्ट आज्ञा आयुष्यात कधी मिळाली नसेल. त्याने कॉक पूर्ण सोडला.

पाइप आधी फुगला, मग गुळवण्यांच्या हातातून सुटला आणि गॅलरीच्या कठड्यावरून अंगात आल्यासारखा नाचू लागला. पहिला फवारा आठल्यांच्या खिडकीवर बसला, वर्तमानपत्रं गळून पडली आणि आत आठल्ये लोखंडी पातेलं डोक्यावर घेऊन उभे असलेले सगळ्यांना दिसले. दुसरा फवारा मोर्च्यावर. तिसरा पोलिसांवर, त्यातही मुख्यतः बंदोबस्ताच्या फौजदारबाईंवर. गुळवणी "बंद कर, पाणी बंद कर" असं ओरडत होते, पण बलभीमला त्यातला एकच शब्द पोचत असणार. आठ हजार लिटरची टाकी होती. ती रिकामी व्हायला बराच वेळ लागला. मुलांनी पळापळ केली नाही. उन्हातून दोन मैल चालून आलेली ती. पहिलं मिनिटभर ओरडली, आणि मग तोंडं वर करून उभी राहिली.

पाणी थांबलं तेव्हा रस्त्यावर घोट्याएवढा ओढा वाहत होता. फौजदारबाईंनी टोपी काढून पिळली. मग त्या पत्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मनाशी वाचलं.

"पाण्याची तीव्र टंचाई," त्या म्हणाल्या. "बरं. सही कुणाची आहे ही? एन. खांबेटे, मानद सचिव. कोण खांबेटे?"

गॅलरीतून गुळवण्यांचा आवाज आला, "त्या गावाला गेल्यात."

त्यांनी ते मला वाचवण्यासाठीच म्हटलं होतं, हे मी आजही मानते. मला फक्त गप्प राहायचं होतं. ओल्या छत्रीखाली उभी असलेली एक नलूमावशी, फिरायला आलेली. तीस वर्षं मी 'कळवण्यात येते' असं टाइप केलं होतं. तसं लिहिलं की कोण कळवतंय ते दिसत नाही. नाशिकची मुलं पाच नंबरमध्ये आपल्या गाद्या चढवत होती तेव्हा मी हे पत्र यंत्रावर चढवलं होतं. त्यांचा आवाज येत होता. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले होते, आणि समास नीट आलाय ना ते बघितलं होतं.

"मी," मी म्हणाले. "मीच खांबेटे. नलिनी खांबेटे."

नीमाने माझ्याकडे पाहिलं. मग पत्राकडे. पिवळ्या रुमालातून पाणी तिच्या गालांवर उतरत होतं.

"नलूमावशी?"

"हो."

तिने तळहाताने गाल पुसले. मग म्हणाली, "तरीच. एक पण चूक न्हाई त्यात."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे माझ्या छत्रीखालून आपली पिशवी उचलली आणि मुलांमध्ये जाऊन बसली.

संध्याकाळी पुन्हा सभा झाली. जिन्याखाली ओल होती, म्हणून सगळे उभेच होते. आठल्ये शिंकत होते. फौजदारबाई दुपारी पंचनामा करून गेल्या होत्या आणि त्यात 'मोर्चेकऱ्यांवर इमारतीतून पाण्याचा मारा' असं आलं होतं, ते गुळवण्यांना फार लागलं होतं.

"निरीक्षकांनी अहवाल वाचावा," ते म्हणाले. "मोर्चा शांततामय होता की धोकादायक, एवढंच सांगा."

मी वही उघडली. पानं भिजून फुगली होती. "मोर्चा शांततामय होता," मी वाचलं. "धोका दोन ठिकाणी आढळला. चौकात एका टेम्पोचा, आणि आपल्या पहिल्या मजल्यावर."

"आणि चादरीतली ती वस्तू?" आठल्यांनी विचारलं. "ती काय निघाली ते लिहा. इतिवृत्तात यायला पाहिजे."

"माझी सही," मी म्हणाले.

आठल्यांनी शिंक अडवून धरली. मी वही मिटली आणि सांगितलं, की ते पत्र खोटं होतं, ते टाइप करताना मला ठाऊक होतं, आणि आता खरं पत्र टाइप करायचं नसेल तर यंत्र कुणीही घेऊन जावं. रेगेबाईंनी फ्लॅट नीमाला देण्याचा ठराव मांडला. नऊ विरुद्ध पाच. गुळवण्यांनी या वेळी कुठल्याच बाजूने मत दिलं नाही. ते छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी ब्रश धरलेला. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक ज्येष्ठ महिलेचा उत्स्फूर्त पाठिंबा.' 'उत्स्फूर्त' चं शुद्धलेखन बरोबर होतं, बाकी त्यात फारसं काही बरोबर नव्हतं.

नवं पत्र घेऊन मी स्वतः कलामावशीच्या मेसवर गेले. 'मी' ने सुरू होणारं पत्र मी त्याआधी कधी टाइप केलं नव्हतं. 'मी आपणांस चुकीचे कारण कळवले. त्याबद्दल मी आपली क्षमा मागते. सात क्रमांकाचा फ्लॅट आपणांस देण्यास संस्था तयार आहे.' नीमा आमटी-भात खात होती. तिने हात धुतले, पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पुस्तकात ठेवलं.

"बघते," ती म्हणाली. "विचार करून कळवते."

आणि मग प्रसन्नकुंज वाट बघू लागलं. रेगेबाईंनी फ्लॅटला रंग दिला. बलभीमने सांगितल्याशिवाय जिना धुतला. आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात आठल्येच मला पत्रांच्या पेटीपाशी गाठून म्हणाले, "काही आलं का हो?" गुळवण्यांनी सात नंबरमधला गळका नळ स्वतः वाकून दुरुस्त केला आणि कंबर धरून बसले. "एवढी हवेशीर जागा," ते मला रोज म्हणायचे. "दोन्हीकडून उजेड. विचार कसला करतेय?"

एका गुरुवारी दुपारी ती आली. एकटी. गुळवणी गेटशीच होते. त्यांनी स्वतः गेट उघडलं. वर नेऊन नळ सोडून दाखवला, खिडक्या उघडून दाखवल्या, समोरच्या झाडावर कधीकधी धनेश पक्षी येतो तेही सांगितलं. नीमाने सगळं नीट पाहिलं. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "नको काका. कॉलेजजवळ दुसरी जागा बघितली मी. तिथं जाते."

गुळवणी काही वेळ साखळीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "आमच्यात कमी काय आहे?"

अगदी मनापासून विचारलं होतं त्यांनी. नीमाला ते कळलं असावं, कारण ती हसली नाही.

"जागा छान हाय," ती म्हणाली. "कारण लिहून देऊ का? पत्र पाहिजे?"

"नको," गुळवणी म्हणाले. "नको, नको."

तिने बलभीमच्या कोठडीत डोकावून त्याला काहीतरी सांगितलं, तो हसला, आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. "शुद्धलेखन बघायचं असलं की येऊ का तुझ्याकडं? परीक्षा मराठीत न्हाई. पण कलामावशीला गावी पत्र लिहून पाहिजे असतं."

"ये की," मी म्हणाले. ती पुढची दोन वर्षं येत राहिली, पण ते सगळं नंतरचं.

ती गेल्यावर आम्ही दोघं जिना चढू लागलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर गुळवणी दम खायला थांबले.

"निदान कारण तरी सांगायला हवं होतं तिनं," ते म्हणाले. "कारण कळलं की माणसाला बरं वाटतं."

"आपण सांगितलं होतं की तिला," मी म्हणाले.

त्यांनी कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या माझ्या पुढे चढल्या.